वेल्स, केटी आणि साबुदाण्याचं सैन्य

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे वर्गात मराठी बोललं तर रुपया दंड असायचा आणि मी तो वर्षभरात बराच भरला. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या निम्म्या चुका मराठी विभागाच्या मॅडमनी काढल्या आहेत, उरलेल्या माझ्या समजाव्यात.

दर वर्षीप्रमाणे याही वर्षी थोर व्यक्तींच्या चरित्राचं सदर आहे. मी नाव द्यायला गेले तोवर विश्वेश्वरय्या गेले होते, कलाम गेले होते, टेस्ला तर दोघांनी मागितला होता. मी म्हटलं, मला एक नापास झालेला माणूस चालेल का? संपादक मंडळी हसली, पण हो म्हणाली. तर मित्रमैत्रिणींनो, ही हर्बर्ट जॉर्ज वेल्सची गोष्ट. घरी त्याला बर्टी म्हणायचे. 'द टाइम मशीन'वाला, 'द इन्व्हिजिबल मॅन'वाला, मंगळावरची माणसं पृथ्वीवर उतरवणारा. सायन्स फिक्शनचा जनक वगैरे त्याला सगळेच म्हणतात. पण माझी त्याच्याशी ओळख पुस्तकातून झालीच नाही, ती झाली दिवाळीच्या किल्ल्यामुळे.

माझा धाकटा भाऊ दर दिवाळीत अंगणात किल्ला करतो. दगड, विटा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, अळीव पेरून गवत. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, गुहेत वाघ. तुमच्याही घरी हेच असेल. आणि तुमच्याही घरी पायथ्याशी एक हेलिकॉप्टर, दोन रणगाडे आणि बॅट उगारलेला एक क्रिकेटर असेल, कारण खेळण्यांच्या डब्यात जे जे उरतं ते ते किल्ल्यावर चढतं. वाघ महादरवाज्यापेक्षा मोठा असतो. कुणाला काही वाटत नाही. गेल्या दिवाळीत मी तिथे बसून होते (मेकॅनिक्सचा अभ्यास करायचा सोडून) आणि डोक्यात आलं की या सगळ्यांची खरोखर लढाई लावता आली तर? नियम असलेली. एका बाजूला शेकडो, हजारो सैनिक, दुसऱ्या बाजूला परग्रहावरची अजस्त्र यंत्रं. कॉम्प्युटरवर नाही, जमिनीवर. हाताने उचलायचं, पट्टीने मोजायचं, पुढे ठेवायचं.

शोधायला लागले तर कळलं की असे खेळ आहेत. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' काढला, १९८८ मध्ये इवल्याशा आकाराचा 'अडेप्टस टायटॅनिकस', आणि त्याच घराण्यातला 'लीजन्स इम्पिरियालिस' २०२३ मध्ये. फोटो पाहून लाळ गळते. किंमत पाहून सुकते. एका मोठ्या बॉक्सच्या पैशात माझं दोन-तीन महिन्यांचं मेसचं बिल भागेल. शिवाय त्यांच्या लढाया त्यांच्या ग्रहांवरच्या. मला लढाई हवी होती पळस्पे फाट्यावर, एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी, मागे कर्नाळ्याचा अंगठा दिसतोय अशी. असा खेळ कुणी काढलेला नाही. मग हे खेळ मुळात सुरू कुणी केले ते शोधत मागे मागे गेले, आणि थेट १९१३ मध्ये वेल्ससाहेब जमिनीवर गुडघे टेकून बसलेले सापडले.

आता त्याचं आयुष्य पहिल्यापासून सांगते.

जन्म २१ सप्टेंबर १८६६, लंडनजवळच्या ब्रॉमली गावात. वडील जोसेफ यांचं काचसामान आणि क्रिकेटच्या वस्तूंचं एक न चालणारं दुकान होतं. बशा आणि बॅटी एकाच दुकानात! कारण वडील केंटकडून पैसे घेऊन खेळणारे बोलर होते. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी चार चेंडूंत चार विकेट घेतल्या. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये असं करणारे ते पहिलेच, आणि त्या चार बळींपैकी एक जण लेखिका जेन ऑस्टिनच्या घराण्यातला होता. (कॉन्व्हेंटमध्ये जेन ऑस्टिन आम्हाला इतकी शिकवली आहे की हे वाचून मला फार बरं वाटलं.) आई सारा लग्नाआधी एका मोठ्या घरात बाईसाहेबांची दासी होती. घरात पैशांची कायम ओढाताण.

बर्टी सात वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला. महिनोन् महिने अंथरुणात. वडील लायब्ररीतून पुस्तकं आणून द्यायचे आणि पोरगा वाचत सुटला. पुढे तो म्हणायचा की त्या मोडक्या पायानेच आपलं आयुष्य घडवलं. १८७७ मध्ये वडिलांचाही पाय मोडला, पण त्याने घराचं वाटोळं झालं. क्रिकेट संपलं, कमाई गेली. आई १८८० मध्ये अपपार्क नावाच्या त्याच जुन्या बड्या घरी हाउसकीपर म्हणून राहायला गेली आणि मुलांना एकेक करून कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं.

बर्टीची उमेदवारी साउथसीच्या एका कापड दुकानात. वय १४-१५. दिवसाचे तेरा तास काम, झोपायला बाकीच्या पोरांबरोबर एका मोठ्या खोलीत ओळीने खाटा. आपल्या हॉस्टेलला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरा वाचावं. ठाण उलगडा, ठाण गुंडाळा, गिऱ्हाइकापुढे वाका. दोन वर्षं त्याने काढली. आईने उमेदवारीच्या करारासाठी पै पै जमवून पैसे भरलेले, त्यामुळे सोडायची सोय नाही. शेवटी १८८३ मध्ये एका रविवारी सकाळी तो उपाशीपोटी उठला आणि अपपार्ककडे चालत सुटला. सतरा मैल. म्हणजे सत्तावीस किलोमीटर. पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागलात तर पेणच्या बरंच जवळ पोचाल इतकं. चर्चमधून परतणाऱ्या नोकरमाणसांच्या घोळक्यात त्याने आईला गाठलं आणि सांगून टाकलं की मी ते दुकान सोडणार.

या ठिकाणी माझं थोडं सांगते. सेकंड सेमचा रिझल्ट लागला तेव्हा मला मेकॅनिक्समध्ये केटी लागली. घरी मी सांगितलंच नाही. पास झाले एवढंच म्हटलं. बाबांनी शैक्षणिक कर्ज काढलंय, आणि ते दर महिन्याला फोनवर एकदा तरी विचारतात की अभ्यास कसा चाललाय. मी म्हणायचे, मस्त. पाच महिने मस्त. वेल्स सतरा मैल चालला हे ज्या रात्री वाचलं त्या रात्री मी गॅलरीत बराच वेळ मोबाइल हातात धरून उभी होते. फोन लावायला चालावंसुद्धा लागत नव्हतं. पण त्या रात्री लावला नाही.

तर बर्टी. आई रडली, पण ऐकलं. मिडहर्स्टच्या ग्रामर स्कूलमध्ये तो शिकत शिकवणारा मास्तर झाला. परीक्षांवर परीक्षा देत गेला आणि १८८४ मध्ये लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्सची स्कॉलरशिप मिळाली. आठवड्याला एक गिनी. हेच कॉलेज पुढे इम्पीरियल कॉलेजमध्ये विलीन झालं. पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला कोण? साक्षात टी. एच. हक्सली, डार्विनच्या बाजूने भर सभेत भांडणारा. बर्टी त्याच्या वर्गात चमकला, फर्स्ट क्लास. गिनीत भागत नसे, दुपारी उपाशी राहून पोरगा नुसता हाडांचा सापळा झाला होता, पण आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष ते, असं त्याला कायम वाटत राहिलं.

दुसऱ्या वर्षी हक्सली नव्हता, फिजिक्स होतं. शिकवणं रटाळ. तिसऱ्या वर्षी भूगर्भशास्त्र, ते त्याहून रटाळ. आणि या महाशयांनी काय केलं? वादविवाद मंडळात भाषणं ठोकली, समाजवादाच्या सभांना गेला आणि कॉलेजचं मॅगझीन काढलं! 'सायन्स स्कूल्स जर्नल' हे १८८६ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा संपादक वेल्स होता. परिणाम तुम्हाला माहीत आहे. १८८७ च्या शेवटच्या परीक्षेत भूगर्भशास्त्रात गचका. डिग्री नाही, स्कॉलरशिप संपली, बाहेर. (आमच्या संपादक मंडळाने इथे घाबरू नये.)

पण थांबा. त्याच मॅगझीनमध्ये १८८८ मध्ये त्याची एक गोष्ट छापून आली, 'द क्रॉनिक अर्गोनॉट्स'. काळातून प्रवास करणाऱ्या यंत्राची. गोष्ट कच्चीच होती, त्याला स्वतःला पुढे तिची लाज वाटायची. पण तीच घासून पुसून, पुन्हा पुन्हा लिहून १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' झाली. म्हणजे विसाव्या शतकातल्या एका अख्ख्या साहित्यप्रकाराची सुरुवात एका कॉलेज मॅगझीनच्या पानांवर, नापास विद्यार्थ्याच्या हातून झाली आहे. आपलं मॅगझीन रद्दीत टाकणाऱ्यांनी निदान एकदा चाळावं.

मधली सात वर्षं हालाची. वेल्समधल्या होल्ट गावच्या शाळेत मास्तरकी करताना फुटबॉल खेळताना एका पोराने असा धक्का दिला की मूत्रपिंड फुटलं. त्यातून उठतो तोच फुप्फुसातून रक्त. क्षय म्हणाले. एकवीस वर्षांचं पोर अपपार्कच्या नोकरांच्या भागात आईजवळ पडून राहिलं आणि पुन्हा वाचत सुटलं. नंतर लंडनच्या एका शाळेत शिकवलं. तिथे हेडमास्तरांचा छोटा मुलगा विद्यार्थी होता, त्याने पुढे 'विनी द पू' लिहिलं. आणि १८९० मध्ये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, बाहेरून परीक्षा देऊन लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. मिळवली, प्राणिशास्त्रात फर्स्ट क्लास. तीन वर्षांनी केटी क्लिअर! पहिलं पुस्तक गोष्टीचं नव्हतंच, जीवशास्त्राचं क्रमिक पुस्तक होतं, १८९३ चं.

लग्नाचं थोडक्यात सांगते कारण त्याबाबतीत माणूस मला आवडत नाही. १८९१ मध्ये चुलत बहीण इझाबेलशी लग्न, तीन वर्षांत तिला सोडून विद्यार्थिनी एमी कॅथरीनशी संसार, तिचं नावसुद्धा बदलून जेन ठेवलं, आणि तिच्याशी लग्न टिकलं ते तिने आयुष्यभर त्याची प्रकरणं पोटात घातली म्हणून.

१८९५ नंतर मात्र धबधबा. दरवर्षी एक पुस्तक. वोकिंग गावात राहायला गेला, सायकल शिकला आणि सायकलवरून आजूबाजूला फिरत ठरवत गेला की मंगळावरच्यांचं यान कुठे पडेल, कुठलं घर जळेल, कुठल्या रस्त्याने लोक पळतील. त्यातून १८९८ चं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. शंभर फूट उंच तीन पायांची यंत्रं, उष्णतेचा किरण, काळा धूर. वोकिंगमध्ये आता त्या यंत्राचा स्टीलचा पुतळा उभा आहे. पनवेलमध्ये ही युक्ती मी करून पाहिली. एसटी स्टँडपासून पळस्पे फाट्यापर्यंत सायकल मारली. माझी यंत्रं ट्रॅफिकमध्येच अडकली.

त्या कादंबरीचं मूळ आपल्या जिव्हाळ्याचं आहे. इंग्रजांनी टास्मानियातल्या मूळ लोकांचा कसा नायनाट केला यावर भावाशी बोलताना वेल्सला ती सुचली. आपण जे दुसऱ्यांना केलं ते आकाशातून येऊन कुणी आपल्याला केलं तर? १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा कर्नाळ्याखाली आल्या तेव्हा गडावरच्यांना त्या मंगळावरच्याच वाटल्या असतील. आणि हाच माणूस १९०१ मध्ये 'अँटिसिपेशन्स' नावाच्या पुस्तकाच्या शेवटी गोऱ्या नसलेल्या, मागे पडलेल्या लोकांबद्दल असं काही लिहितो की मी पुस्तक बंद करून टाकलं. पुढे त्याची मतं पुष्कळ बदलली. पण लिहिलं ते लिहिलं.

१९०३ च्या डिसेंबरात 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही गोष्ट छापून आली. खंदकांत अडकलेल्या दोन सैन्यांपैकी एक पोलादी चिलखताची, खंदक ओलांडणारी अवाढव्य वाहनं आणतं. तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ ला, सॉमच्या लढाईत खरे रणगाडे उतरले. कल्पना मात्र जुनीच म्हणायची. १६७० मध्ये मराठ्यांनी कर्नाळा मोगलांकडून घेतला तो मातीचे आडोसे उभारत आणि फळ्यांच्या आडून पुढे सरकत. चालता आडोसा! इंजिन तेवढं नव्हतं.

आता खेळाकडे येते. तोवर पैसा आला होता. सँडगेटला समुद्रकाठी मोठं घर बांधलं, दोन मुलगे झाले, जिप १९०१ मध्ये आणि फ्रँक १९०३ मध्ये. मुलांच्या खोलीत शिशाचे सैनिक पडलेले असत, ब्रिटन्स कंपनीचे, आतून पोकळ, ५४ मिलिमीटर उंच. आणि एक स्प्रिंगची तोफ, इंचभर लाकडी गोळा उडवणारी. एकदा जेवणानंतर पाहुण्या आलेल्या जेरोम के. जेरोमने ('थ्री मेन इन अ बोट'वाला) ती तोफ घेऊन सैनिकांवर नेम धरला. पाडला एक. मग वेल्सने पाडला. मग दोन मोठ्या माणसांची जुंपली. तिथून खेळ वाढत गेला. आधी नुसती नेमबाजी, मग आडोशाला पुस्तकं आणि ठोकळे, मग चालींचे नियम.

१९११ मध्ये 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' ही पुस्तकं आली. दुसऱ्याच्या नावाखालीच लिहिलंय की हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि शिवाय त्या जरा अधिक हुशार मुलींसाठी ज्यांना मुलांचे खेळ आवडतात! हे वाचून माझी जी चिडचिड झाली ती झाली. आमच्या मेकॅनिकल ब्रँचमध्ये मुली मोजून नऊ आहेत, आम्हाला हे वाक्य वेगवेगळ्या आवाजांत रोज ऐकू येतं.

पण नियम ऐका, ते सुंदर आहेत. मधे पडदा लावायचा, दोघांनी आपापलं सैन्य मांडायचं, मग पडदा काढायचा. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेच्या सहा इंचांत आपली चार माणसं असतील तरच ती उडवता येते. तोफ उडवायची म्हणजे खरंच उडवायची, फासे नाहीत, नेम लागला तर माणूस पडला. समोरासमोर भिडले तर जितके इकडचे तितके तिकडचे बाद, आणि एकटी पडलेली छोटी तुकडी मोठ्या तुकडीला सापडली तर कैद. प्रत्येक चालीला घड्याळ. वेळ इतका कमी की घाईघाईत चुका व्हायलाच हव्यात. बुद्धिबळाचं मूळ चतुरंग आपलंच, पण त्यात विचार करायला वेळ असतो. वेल्सने वेळ काढून घेतला आणि लढाईतला गोंधळ आत आणला. पुस्तकातले लढाईचे फोटो जेनने काढलेले आहेत. ती अधिक हुशार मुलगी बहुधा.

मला एक प्रश्न पडला होता. मंगळावरची यंत्रंही याचीच, शिशाच्या सैनिकांचा खेळही याचाच, मग दोन्ही एकत्र का नाही केले? उत्तर गणितात सापडलं. ५४ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे स्केल साधारण १:३२. शंभर फुटी, म्हणजे तीस मीटरचं यंत्र त्या मापात ९४ सेंटिमीटर उंच होतं. जमिनीवर रांगणाऱ्या वेल्सच्या डोक्याच्या वर! तेच सैनिक ६ मिलिमीटरचा केला, १:३०० घेतलं, की यंत्र १० सेंटिमीटरचं होतं आणि कर्नाळ्याचा सव्वाशे फुटी सुळका पावणेतेरा सेंटिमीटरचा. टेबल टेनिसच्या टेबलावर मावतो. फक्त पनवेल ते कर्नाळा हे बारा किलोमीटर अंतर त्या मापात ४० मीटर येतं आणि आमच्या हॉस्टेलची गच्ची त्याच्या निम्मीसुद्धा नाही. म्हणून अंतराचं स्केल वेगळं, माणसांचं वेगळं. वाघ दरवाज्यापेक्षा मोठा, तसंच.

सहा मिलिमीटरचा सैनिक कुठून आणायचा? दोन साबुदाणे, एकावर एक, फेविकॉलने. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाच-पाच. पोस्टर कलरने रंगवले. मेसमधून (विचारून!) साबुदाणा आणला आणि सबमिशन चालू असताना चौघींनी मिळून तीनशे चाळीस सैनिक उभे केले. दोन दिवसांनी कपाट उघडलं तर मुंग्यांनी डावी फळी पूर्ण खाल्ली होती. वेल्सच्या कादंबरीत मंगळावरच्यांना तोफांनी हरवता येत नाही, ते शेवटी जंतूंनी मरतात. तेव्हापासून आम्ही एम-सील वापरतो.

पहिली लढाई खेळलो तेव्हा एक गोष्ट झाली. तीन पायांच्या यंत्राने एका फटक्यात सहा पुठ्ठे उडवले, तीस माणसं, आणि मी ते जिंकल्याच्या आनंदात हाताने टेबलावरून खाली झाडून टाकले. माझी रूममेट उठून बाहेर गेली. तिचा मोठा भाऊ फौजेत आहे, तेव्हा सीमेवर होता आणि आठ दिवस फोन नव्हता. मला ते माहीत होतं. तरी मी झाडले.

वेल्सलाही हा प्रश्न सुटला नव्हता. 'लिटल वॉर्स'च्या शेवटी तो म्हणतो की खऱ्या युद्धापेक्षा हे खोटं युद्ध किती बरं, युद्धाची खुमखुमी असलेल्या राजांना आणि 'देशभक्तां'ना एका खोलीत कोंडून खेळणी द्यावीत. आणि खेळून खेळून त्याला कळलं होतं की खरं मोठं युद्ध किती आंधळं आणि गबाळं असणार. हे १९१३. वर्षभरात, ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, आणि खेळण्यांनी युद्ध टाळू पाहणारा हा माणूस लगेचच युद्धाच्या बाजूने लेख पाडू लागला. हे युद्ध युद्धांचाच शेवट करेल अशी त्याची खात्री होती. त्या अर्थाचं पुस्तकही त्याच वर्षी काढलं. त्या नावाची पुढे जगाने आयुष्यभर टिंगल केली. १९१६ मध्ये त्याने इटली आणि फ्रान्समधली आघाडी डोळ्यांनी पाहिली, १९१८ मध्ये सरकारी प्रचार खात्यात काम केलं. खेळाचं पुस्तक त्याने नंतर कधी वाढवलं नाही.

त्याच १९१४ मध्ये 'द वर्ल्ड सेट फ्री' आलं. त्यात विमानातून हाताने टाकायचे अणुबाँब आहेत, हा शब्दही त्याचाच. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती कादंबरी १९३२ मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रस्त्यावर चालताना त्याला साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. हिरोशिमा झालं तेव्हा वेल्स जिवंत होता, लंडनमध्येच. बाँब पडत असतानाही त्याने ते घर सोडलं नव्हतं.

मधल्या तीस वर्षांत त्याने जगाचा इतिहास लिहिला, लेनिनला भेटला, स्टालिनला भेटला, रूझवेल्टला भेटला. मुलगा जिप प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि हक्सलीच्या नातवाबरोबर बापलेकांनी जीवशास्त्रावर मोठा ग्रंथ केला, १९३० मध्ये. स्वतःला मधुमेह झाल्यावर १९३४ मध्ये इंग्लंडात मधुमेहींची संघटना उभी करायला पुढे झाला, ती आजही चालते. १९४० मध्ये माणसाच्या हक्कांवर छोटं पुस्तक लिहिलं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यामागे जे विचार होते त्यांत त्याचंही नाव घेतात, पण तो पाहायला तो राहिला नाही. १३ ऑगस्ट १९४६ ला गेला. रक्षा समुद्रात सोडली.

बाबांना मी शेवटी सांगितलं. फोनवर नाही, शनिवारी एसटीने घरी जाऊन. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं की पुन्हा परीक्षा कधी आहे. मी तारीख सांगितली. त्यांनी ती कॅलेंडरवर लिहिली, दुधाच्या हिशोबाच्या खाली.

आणि रूममेटशी तिसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं, तिच्या भावाचा फोन आला त्या दिवशी. तिने खेळायला एक अट घातली. पडलेला पुठ्ठा टेबलावरून काढायचा नाही, जिथे पडला तिथे आडवा ठेवायचा. आणि एक चाल खर्च करून दुसऱ्या तुकडीने त्याला उचलून मागे आणायचं, नाही आणलं तर शेवटच्या हिशोबात तो आपल्याच नावावर. या एका नियमाने खेळ पूर्ण बदलला. आता यंत्राच्या समोरून माणसं परत आणायची की पूल धरायचा हे ठरवताना घड्याळाची तीन मिनिटं कमी पडतात. गाढी नदीच्या पुलावर परवा मी याच कारणाने हरले.

नियमांची झेरॉक्स चार पानी आहे, लायब्ररीच्या काउंटरवर ठेवली आहे. यंत्रं अजून दोनच झाली आहेत, सायकलच्या तारांची. वर्कशॉपमध्ये ब्रेझिंग चांगलं येणारं कुणी असेल तर हवं आहे. टेबल टेनिसचं टेबल रविवारी दुपारी दोननंतर रिकामं असतं. फक्त पुढचे दोन रविवार सोडून, मेकॅनिक्सचा पेपर आहे.